ऐंशीलाच का थरथरतं स्टेअरिंग?

जुन्या मारुती ८००चं स्टेअरिंग साठपर्यंत गप्प असतं, ऐंशीच्या आसपास थरथरायला लागतं आणि गाडी आणखी पळवली की बरेचदा पुन्हा शांत होतं. काहीतरी ढिलं झालं असेल, तर ते सगळ्याच वेगांना का जाणवू नये?

या गाडीची चाकं बारा इंची. १४५/७० आर १२ टायर एका फेरीत साधारण १.६ मीटर पुढे जातो. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला १४ फेऱ्या मारतं. चाकाचा तोल साधण्यासाठी रिमवर बसवलेलं ३० ग्रॅमचं शिसं कुठेतरी गळून पडलं, तर या वेगाला चाक सुमारे साडेतीन किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं आणि ओढीची दिशा चाकाबरोबर फिरत राहते. चाळीसला हा जोर किलोभरही नसतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मग शंभरला थरथर ओसरते कशी? चाक, बुश (सांध्यांमधली रबरी अस्तरं) आणि स्टेअरिंगचे दांडे या जोडणीची स्वतःची एक लय असते, बऱ्याच गाड्यांत सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांच्या घरात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसला की तो चढत जातो. वेळ चुकली की नाही. ऐंशीला धक्क्यांची वेळ जुळते, इतकंच.

जुनेपणाचा वाटा इथे येतो. बुश मऊ पडले, टाय रॉड एन्डमध्ये, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यात, प्ले (ढिलेपणा) आला, की नवी गाडी जे कंपन गिळून टाकायची ते थेट हातापर्यंत पोचतं. म्हणून ‘अलाइनमेंट (चाकांचे कोन) करून घ्या’ हा सल्ला मला फारसा पटत नाही. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर खाते. थरथरीचं कारण ते क्वचितच असतं.

आधी विचारायचं, कधी थरथरतं? फक्त ब्रेक दाबल्यावर असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही पुरतो. अगदी कमी वेगाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे डुलत असेल, तर टायरला फुगा आलाय का ते पाहा. महिनाभर उभी असलेली गाडी पहिले काही किलोमीटर थरथरली तर टायर एका जागी चपटा झालेला असतो, तापला की सुधारतो. पावसाळ्यात रिमच्या आत वाळलेला चिखलही बॅलन्स बिघडवतो. तो फुकटात निघतो. मग चाक जॅकवर उचलून डावी-उजवीकडून हलवायचं: खडखडलं तर आधी टाय रॉड एन्ड तपासायचा. वरून-खालून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.

बॅलन्सिंग करताना चाक मशिनवर फिरवूनच करायला हवं. वजन रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांमध्ये नीट वाटलेलं नसेल, तर चाक उड्या मारत नाही, पण डावी-उजवीकडे लचकतं, आणि स्टेअरिंगला तेच झोंबतं.

पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेल्या जुन्या जीपची गोष्ट वेगळी. १९२५ साली ब्रूलिए या फ्रेंच इंजिनिअरने या कंपनाचा अभ्यास मांडला होता. एक चाक खड्ड्यातून उसळलं की अ‍ॅक्सल कलतो; फिरत्या चाकाच्या जायरोस्कोपी परिणामामुळे (फिरती वस्तू कलवली की ती दुसऱ्याच दिशेला वळते) चाकं वळतात, वळल्यावर अ‍ॅक्सल पुन्हा कलतो. लागणारी ऊर्जा गाडीच्या वेगातूनच मिळते, त्यामुळे चाकं अचूक बॅलन्स केलेली असली तरी गाडी पुरेशी हळू होईपर्यंत हे थांबत नाही. पुष्कळ जण स्टेअरिंग डॅम्पर (हेलकावे दाबणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर) नवा बसवून मोकळे होतात. थरथर काही महिने दबते. झिजलेला किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो खिळा, मात्र तसाच राहतो.