जादाची चार्जिंग केबल घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इलेक्ट्रिक गाडीसोबत आलेली केबल घरी भिंतीजवळ टांगलेली राहावी आणि दुसरी एक डिकीत असावी, म्हणून बरेच ग्राहक जादाची केबल मागायला येतात. मागणी रास्त आहे. एकच केबल रोज गुंडाळून डिकीत टाकायची आणि रात्री पुन्हा काढायची, यात केबल पिळते, गन (गाडीत बसणारे टोक) जमिनीवर आपटते, पिनांत धूळ जाते. शिवाय ती एकमेव केबल बिघडली तर नवी मिळेपर्यंत बाहेरच्या चार्जरवर भिस्त ठेवावी लागते.

मात्र मागणीच्या मागोमाग एक वाक्य हमखास येते : "जादाचीच आहे, साधी दिली तरी चालेल." हे आम्हाला पटत नाही, आणि हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच लिहिले आहे. घरची केबल रोज एकाच सॉकेटला लागते. ते सॉकेट, त्यामागची वायर, अर्थिंग हे सगळे गाडी घेताना एकदा तपासून झालेले असते. डिकीतली केबल मात्र नातेवाइकांकडे, कामाच्या जागी, मुक्कामाच्या ठिकाणी, म्हणजे ज्याचा इतिहास तुम्हाला माहीत नाही अशा सॉकेटला लागणार. तेव्हा जादाची केबल पहिलीपेक्षा डावी असून चालत नाही. उलट तीच जास्त सावध असायला हवी.

डबीत काय असते

केबलच्या मध्ये जी डबी असते तिला सगळे चार्जर म्हणतात. बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. सॉकेटमधून येणाऱ्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी तोच करतो. डबीचे काम वीज सोडणे, अडवणे आणि लक्ष ठेवणे एवढेच. त्यामुळे गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर ७ किलोवॅटची केबल घेऊन चार्जिंग एका मिनिटानेही लवकर होणार नाही. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तो आधी पाहा, मगच केबलच्या ताकदीचा विचार करा.

गन गाडीत बसली की डबी एका बारीक वायरवरून गाडीला सिग्नल पाठवते. सेकंदाला १००० वेळा वर-खाली होणारा हा सिग्नल किती वेळ वर राहतो, यावरून गाडीला कळते की जास्तीत जास्त किती करंट ओढायचा. १० टक्के वेळ वर असेल तर ६ अँपिअर, २५ टक्के असेल तर १५. गाडी ही मर्यादा ओलांडत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. डबीला हा आकडा भिंतीतले सॉकेट सांगत नाही. तो कारखान्यात ठरवलेला असतो किंवा तुम्ही बटण दाबून निवडलेला असतो. सॉकेट नवे आहे की वीस वर्षांचे, मागे जाड वायर आहे की बारीक, त्याच वायरवर आणखी काय चालू आहे, याची डबीला कल्पना नसते. म्हणून ज्या केबलवर करंट कमी करता येतो, तीच जादाची केबल म्हणून घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. ६, ८, १०, १३, १६ अशा पायऱ्या असलेल्या केबल मिळतात. एकाच आकड्यावर चालणारी केबल ओळखीच्या सॉकेटला ठीक. डिकीत ठेवायला नको.

कमी करंटवर गाडी भरणारच नाही, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. रात्रीच्या दहा तासांत जवळपास १४ युनिट. चार्जिंगमधली घट वजा जाता बॅटरीत १२ युनिट पडली आणि गाडी युनिटला ६-७ किलोमीटर जात असेल, तर ७०-८० किलोमीटरची सोय झाली. १० अँपिअरवर हाच हिशेब १२० च्या पुढे जातो. परतीच्या प्रवासाला एवढे बहुधा पुरते. जिथे घरगुती वीज १२० व्होल्टची आहे तिथे हे आकडे साधारण निम्मे धरा.

खरा धोका प्लगच्या पिनेवर

बहुतेक जण केबल किती जाड आहे ते पाहतात. जाडी पाहावीच, पण जळण्याची सुरुवात सहसा केबलमध्ये होत नाही. ती होते प्लगची पिन आणि सॉकेटमधली पत्ती जिथे टेकतात तिथे.

आकड्यांत पाहू. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याची पाच मीटर केबल घेतली, तर जाण्या-येण्याच्या दोन तारांचा मिळून रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे ०.०८ ओहम येतो. १५ अँपिअरला त्यातून साधारण १८ वॅट उष्णता निघते, पण ती पाच मीटरभर पसरते आणि केबल जेमतेम कोमट लागते. आता सॉकेटमधली पत्ती सैल झाली आहे आणि त्या एका सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला आहे असे धरा. त्याच १५ अँपिअरला तिथे २२.५ वॅट निघतात, तेही हरभऱ्याएवढ्या जागेत. साध्या सोल्डरिंग आयर्नची ताकद २५ वॅट असते. म्हणजे भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखे झाले. पत्ती तापते, तिचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो, आणखी तापते. करंट १५ वरून १० वर आणला की हीच उष्णता १० वॅटवर येते, आणि ६ वर आणला की साडेतीनच्या आसपास. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून करंट थोडा उतरवला तरी फरक मोठा पडतो.

"याच सॉकेटवर गीझर चालतो, काही होत नाही," असे आम्हाला सांगितले जाते. गीझर पाणी तापले की बंद होतो. सॉकेटला निवायला वेळ मिळतो. गाडी सलग आठ-दहा तास पूर्ण करंट ओढते. घरातले दुसरे उपकरण साध्या सॉकेटवर इतका वेळ इतका भार सहसा टाकत नाही.

म्हणून जादाच्या केबलमध्ये आम्ही सर्वांत आधी प्लगमधला तापमान सेन्सर शोधतो. पिनांजवळ बसवलेला हा छोटा सेन्सर प्लग तापू लागला की डबीला कळवतो. डबी करंट उतरवते किंवा चार्जिंग थांबवते. बाकी सगळे सारखे असलेल्या दोन केबलपैकी एकीला हा सेन्सर असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्या. सेन्सरची वायर प्लगपासून डबीपर्यंत आतून येते, म्हणून असा प्लग कापून दुसरा कधीही लावू नका. सेन्सर तुटला की डबी दोष दाखवते किंवा तापमानावर लक्ष ठेवणेच बंद होते, आणि वॉरंटी गेली ती वेगळीच.

अनोळखी सॉकेटवर आधी प्लग घालून पाहा. तो सैल बसत असेल, भोकांभोवती तपकिरी डाग असेल किंवा जळकट वास येत असेल, तर तिथे गाडी लावूच नका. सगळे ठीक वाटले तर सर्वांत कमी करंटवर सुरुवात करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने प्लगच्या बाहेरच्या भागाला हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर चालेल. हात टेकवून ठेवता येत नसेल तर गाडीतून चार्जिंग थांबवा आणि ते सॉकेट सोडा.

अर्थिंगचा लाल दिवा

बाहेरगावी गेल्यावर केबल "चालत नाही" अशी तक्रार आमच्याकडे येते, तेव्हा बऱ्याचदा केबल चोख असते आणि सॉकेटला अर्थिंग नसते. डबी चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते आणि ते नसले की लाल दिवा लावून थांबते. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवरही हे होते, कारण तिथे न्यूट्रल अनेकदा जमिनीशी जोडलेला नसतो.

यावर एक घातक तोडगा सर्रास सांगितला जातो : प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकायचा. डबी फसते आणि चार्जिंग सुरू होते. पण त्या घराचा न्यूट्रल कुठे तुटला, किंवा वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले, तर पूर्ण व्होल्टेज त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर येते. गाडी रबरी टायरवर उभी असल्याने ती वीज जमिनीत उतरत नाही. दाराला हात लावणाऱ्या माणसातून उतरते. असा तुकडा टाकून देण्याची विनंती आम्ही कोणाचीच मान्य करत नाही, आणि अर्थिंग न तपासणारी केबलही आम्ही विकत नाही. लाल दिवा लागला तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून आणि दुरुस्त करून घ्या, नाहीतर दुसरे सॉकेट शोधा.

डबीतला गळतीचा, म्हणजे वीज भलत्या वाटेने जमिनीत जाण्यापासूनचा, बचावही तितकाच मोलाचा. चांगली डबी ३० मिलिअँपिअर एसी गळतीला वीज तोडते आणि ६ मिलिअँपिअर डीसी गळतीलाही. या दुसऱ्या आकड्याबद्दल आम्ही आग्रही आहोत. गाडीतल्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर डीसी गळू शकते. घरच्या बोर्डातल्या साध्या आरसीसीबीला (गळती दिसताच वीज तोडणाऱ्या स्विचला) ती ओळखता येत नाही. इतकेच नाही, तर त्या डीसीमुळे तिचा गाभा बधिर होऊन कोणाला खरोखर शॉक बसला तरी ती पडत नाही. अशा डबीसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयईसी ६२७५२. खोक्यावर हा क्रमांक शोधा आणि चाचणीचा दाखला मागा. नुसत्या सीई या युरोपीय खुणेवर विसंबू नका. ती निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यासाठी बाहेरच्या प्रयोगशाळेची चाचणी झालेलीच असते असे नाही.

चुकीची केबल घरी येऊ नये म्हणून

इंटरनेटवरून मागवताना दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला : दोन्ही टोकांना गोलसर कनेक्टर असलेली, डबी नसलेली केबल मागवली जाते. ती भिंतीवरच्या चार्जरला किंवा सार्वजनिक खांबाला लावायची असते. घरच्या सॉकेटला ती लागतच नाही. तुम्हाला हवी ती केबल म्हणजे एका टोकाला घरगुती प्लग, मध्ये डबी, दुसऱ्या टोकाला गन.

दुसरा घोटाळा गनच्या प्रकाराचा. तो गाडीच्या पोर्टशी जुळावा लागतो. टाइप २ ला सात पिना आणि वरून चपटा गोल आकार. टाइप १ ला पाच पिना आणि पूर्ण गोल. चीनमधल्या मानकाचा कनेक्टर दिसायला टाइप २ सारखाच असतो, पण त्याच्या पिनांची रचना उलटी असते आणि तो बसत नाही. गाडीच्या पोर्टमध्ये खाली दोन जाड पिना दिसल्या म्हणून मोठी गन मागू नका. त्या जलद डीसी चार्जिंगच्या आहेत. घरची गन फक्त वरच्या भागात बसते.

केबलच्या आवरणावर जे छापलेले असते ते वाचा. १६ अँपिअरच्या केबलवर साधारणपणे ३ × २.५ + ०.५ असे काहीसे दिसते : फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तीन जाड तारा आणि सिग्नलची एक बारीक. आवरण पूर्ण कोरे असेल तर ती केबल घेऊ नका.

३२ अँपिअरची केबल जादाची म्हणून घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. तिला औद्योगिक सॉकेट आणि बोर्डापासून स्वतंत्र जाड लाइन लागते, आणि ती पाहुण्याच्या घरी नसते. रोजच्या वापरासाठी वेग हवा असेल तर तेच पैसे घरी भिंतीवरचा चार्जर बसवण्यात घाला. मग गाडीसोबतची केबल आपोआप डिकीत जाते आणि जादाची घ्यावीच लागत नाही. हा सल्ला दिला की आमची एक केबल विकली जात नाही, तरी अनेकांसाठी तोच योग्य मार्ग असतो.

वापरताना

डबी प्लगला लोंबकळत ठेवू नका. तिच्या वजनाने पिना खाली ओढल्या जातात आणि पत्त्या सैल होतात. हूक नसेल तर सुतळीने खिडकीच्या गजाला बांधा, पण भार प्लगवर येऊ देऊ नका. केबल पूर्ण उलगडा. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टीप्लग, पिन बदलणारे अडॅप्टर यांतले काहीही मध्ये नको. लांबी कमी पडेल अशी शंका असेल तर आधीच लांब केबल घ्या, आणि मोजताना गाडीचे पोर्ट पुढे आहे की मागे ते लक्षात घ्या.

लावताना आधी भिंत, मग गाडी. काढताना आधी गाडीतून चार्जिंग थांबवून गन काढा, मग प्लग. चालू चार्जिंगमध्ये भिंतीतला प्लग ओढला तर पिनेवर ठिणगी पडते, आणि तिथला काळा डाग पुढच्या वेळी जास्त तापतो.

आमच्याकडे येताना

मोबाइलवर चार फोटो घेऊन या : गाडीच्या पोर्टचा झाकण उघडून, गाडीसोबतच्या डबीवरच्या लेबलचा, नेहमीच्या सॉकेटचा आणि घरच्या एमसीबी बोर्डाचा. पुस्तिकेतले चार्जिंगचे पान आणि वॉरंटीच्या अटींचे पान यांचेही फोटो असले तर उत्तम, कारण दुसऱ्या कंपनीच्या केबलबद्दल गाडी उत्पादकाने काही अट घातली असेल तर ती तिथेच सापडते. केबल घेतल्यावर शक्य असेल तर गाडी घेऊनच या. गन बसवून, चार्जिंग सुरू करून, करंटच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासमोर बदलून दाखवू. बिलावर डबीचा अनुक्रमांक लिहून घ्यायला विसरू नका. वॉरंटीत बदलून देताना तो लागतो.