फ्लोरिडात डाउनटाउनसाठी जादा पोलीस गस्त: सीआरएचा पैसा कसा मागायचा आणि अर्ज कुठे अडतात

डाउनटाउनमध्ये दुकान, क्लिनिक किंवा रेस्टॉरंट चालवणाऱ्यांची मागणी साधी असते. दिवेलागणीनंतर या दोन-तीन रस्त्यांवर पायी फिरणारा एखादा पोलीस द्या. पत्र जातं पोलीस प्रमुखांकडे. प्रमुख म्हणतात, माणसं कमी आहेत, बजेट संपलंय. तिथेच विषय मिटतो. पैसा मात्र बऱ्याचदा शेजारच्याच इमारतीत, दुसऱ्या खात्यावर पडून असतो. तो असतो कम्युनिटी रीडेव्हलपमेंट एजन्सीकडे, म्हणजे सीआरएकडे.

महाराष्ट्रातून आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, महापालिकेचं बजेट आणि पोलिसांचं बजेट यांचा फारसा संबंध नाही. फ्लोरिडात बहुतेक मोठ्या शहरांचं पोलीस खातं शहराचंच असतं, किंवा शहर काउंटीच्या शेरिफशी करार करून पोलीस घेतं. त्यामुळे गस्त हा थेट स्थानिक बजेटचा प्रश्न आहे, आणि स्थानिक बजेटमध्ये सामान्य माणसाला बोलायचा हक्क आहे. तो वापरायला मतदार असावं लागत नाही. एच-१बीवर असा, ग्रीन कार्डवर असा, सभेत बोलता येतं.

पैसा येतो कुठून

फ्लोरिडाच्या १९६९ च्या कम्युनिटी रीडेव्हलपमेंट कायद्यानुसार (राज्य कायद्याचं प्रकरण १६३, भाग ३) शहर किंवा काउंटी एखादा भाग मोडकळीला आलेला ठरवून त्याच्यासाठी सीआरए स्थापते. त्या वेळचं करपात्र मूल्य गोठवलं जातं. पुढे मालमत्तांचं मूल्य वाढलं की वाढीव मूल्यावरच्या करातला हिस्सा, साधारणपणे ९५ टक्के, सीआरएच्या ट्रस्ट फंडात जातो.

आकड्यांत मांडू. समजा गोठवलेलं मूल्य १० कोटी डॉलर, आजचं १४ कोटी. वाढ ४ कोटींची. शहराचा दर ६ मिल, म्हणजे हजार डॉलरला ६ डॉलर. कर झाला २,४०,००० आणि त्याचे ९५ टक्के म्हणजे २,२८,००० डॉलर. काउंटीचा दर ५ मिल धरला तर तिच्याकडून १,९०,०००. एकूण ४,१८,००० डॉलर, आणि यातूनच कर्जफेड, रस्ते, दर्शनी भागाच्या दुरुस्तीची अनुदानं, कर्मचाऱ्यांचे पगार, सगळं.

सभेत टॅक्स बिल फडकावून ‘मी इतका कर भरतो’ सांगणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. शाळा मंडळाचा कर यात येतच नाही, आणि बिलातला मोठा तुकडा तोच असतो. दुसरं, ९५ टक्के फक्त वाढीचे. मंदीत मूल्य त्या गोठवलेल्या आकड्याच्या खाली गेलं तर फंडात नवा पैसा शून्य.

पोलिसांवर हा पैसा चालतो का?

चालतो. ‘नाही, सीआरएचा पैसा फक्त विटा-सिमेंटला’ असं काउंटरवर कुणी सांगितलं तर नम्रपणे कायदा दाखवा. ट्रस्ट फंड कशावर खर्च करता येतो याची यादी कलम १६३.३८७ मध्ये आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून ती बरीच कडक झाली, पण ‘कम्युनिटी पोलिसिंग इनोव्हेशन’ तीत स्पष्ट नावानिशी आहे. त्यात काय येतं ते कलम १६३.३४० सांगतं: पायी गस्त, वाढीव वाहन गस्त, नागरिकांची गस्त, ब्लॉक वॉच (शेजाऱ्यांनी मिळून आपल्या वस्तीवर ठेवलेली नजर), वस्तीतली रस्त्यालगतची छोटी पोलीस चौकी वगैरे. गाभा असा की पोलीस लोकांना दिसले पाहिजेत आणि त्यामुळे गुन्ह्याची संधी कमी झाली पाहिजे. डेल्रे बीच आणि बॉयन्टन बीच या शहरांच्या सीआरएंनी या मार्गाने आपल्या हद्दीतल्या पोलिसिंगला पैसा दिलेला आहे. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

चालत नाही ते असं. पुनर्विकास आराखड्याशी संबंध नसलेला शहराचा रोजचा प्रशासकीय खर्च. शहरभर वापरायच्या गाड्या, रेडिओ. सीआरएच्या हद्दीबाहेरची गस्त. पोलिसांची इमारत बांधणं किंवा वाढवणंही नाही, फक्त कर देणाऱ्या सगळ्या संस्थांनी (म्हणजे शहर, काउंटी अशा आपल्या करातला हिस्सा फंडात भरणाऱ्यांनी) संमती दिली असेल किंवा ते बांधकाम कम्युनिटी पोलिसिंगच्या उपक्रमाचाच भाग असेल तर चालतं. म्हणूनच गाळ्यातली चौकी बसते, नवं मुख्यालय बसत नाही.

अर्ज कोण करू शकतो

छापील फॉर्म शोधू नका. दर्शनी भागाच्या अनुदानाला फॉर्म असतो, गस्तीला बहुतेक ठिकाणी नसतो. तुमची मागणी म्हणजे सीआरएच्या संचालकांना लिहिलेलं पत्र आणि सोबतची कागदपत्रं. रहिवासी, दुकानदार, व्यापारी संघटना, कुणीही देऊ शकतं. संघटनेच्या नावाने दिलं तर वजन पडतं. पैसा मात्र तुम्हाला मिळणार नाही, तो पोलीस खात्याला मिळतो. तेव्हा पोलीस खात्याचं ‘आम्ही हे करू शकतो’ असं पत्र नसेल तर तुमचा कागद पुढे सरकत नाही. आपल्या दुकानासाठी तुम्ही स्वतः पैसे मोजून ड्यूटीबाहेरचा पोलीस लावता, ती व्यवस्था वेगळी. तिची बिलं सीआरएला लावून परतावा मागणारे अर्ज परत येतात.

पत्ता हद्दीत आहे ना, हे आधी पाहा. सीआरएने आपल्या संकेतस्थळावर हद्दीचा नकाशा ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. हद्द अनेकदा रस्त्याच्या मधोमध जाते. एका बाजूची दुकानं आत, समोरची बाहेर.

आराखड्यातलं ते एक वाक्य

सगळ्यात जास्त मागण्या इथे मरतात. ट्रस्ट फंडातला पैसा फक्त मंजूर पुनर्विकास आराखड्यात लिहिलेल्या कामांवरच खर्च होतो. गुन्हे कितीही असोत, आराखड्यात पोलिसिंगचा उल्लेख नसेल तर सीआरएचा वकील फाइल थांबवणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून पहिलं काम: आराखडा उघडा आणि ‘कम्युनिटी पोलिसिंग’, ‘सार्वजनिक सुरक्षा’, ‘गुन्हेगारी’ हे शब्द शोधा. तीन शक्यता असतात. उपक्रम स्पष्ट लिहिलेला असेल तर पत्रात पान क्रमांकासकट तेच वाक्य उतरवा. नुसतं ‘सुरक्षित परिसर निर्माण करणे’ असं गुळमुळीत उद्दिष्ट असेल तर पत्र देण्याआधी संचालकांना लेखी विचारा, हे पुरेसं आहे का? काही वकील पुरेसं मानतात, काही नाही. आणि काहीच नसेल तर आराखड्यात दुरुस्ती हवी. ती सीआरए सुचवते, शहराची निर्वाचित सभा जाहीर सुनावणी घेऊन मंजूर करते, आणि कर देणाऱ्या संस्थांना किमान १५ दिवस आधी नोंदणीकृत टपालाने कळवावं लागतं. प्रत्यक्षात यात महिने जातात. अशा वेळी या वर्षी फक्त दुरुस्ती मागा, पैसा पुढच्या वर्षी. दोन्ही एकाच पत्रात मागितलं की दोन्ही लटकतं.

कुणाकडेच नसलेला कागद

दुसरा खडक म्हणजे ‘सध्याची सेवा किती’ याचा कागद. सीआरएचा पैसा जादा गस्तीसाठी आहे, शहर आधीच करत असलेल्या गस्तीचा पगार भरण्यासाठी नाही. ते केलं तर तो शहराचा रोजचा खर्च ठरतो. लेखापरीक्षक आक्षेप घेतो आणि काउंटीही चिडते, कारण फंडात तिचाही कर आहे. २०१६ मध्ये मियामी-डेड काउंटीच्या ग्रँड ज्युरीने (कोर्टाने नेमलेल्या नागरिकांच्या चौकशी मंडळाने) सीआरएंच्या खर्चावर कडक अहवाल दिल्यापासून सगळेच या बाबतीत सावध आहेत.

म्हणजे जादा सिद्ध करायला आधी मूळ आकडा हवा: या भागात जनरल फंडातून (शहराच्या नेहमीच्या तिजोरीतून) आज प्रत्येक पाळीला किती अधिकारी, किती तास? हा आकडा एका कागदावर लिहिलेला कुठेही नसतो. पोलिसांचे झोन आणि सीआरएची हद्द जुळत नाही. एक झोन तीन चौरस मैलांचा, त्यातला सीआरएचा तुकडा बारा ब्लॉकचा, मग तास कसे वाटायचे? हे अर्जदाराने ठरवायचं काम नाही. पोलीस खात्याच्या बजेट अधिकाऱ्याकडून पद्धत लिहून घ्या, मग ती कॉलच्या प्रमाणात असो वा क्षेत्रफळाच्या. पद्धत कोणती यापेक्षा ती कागदावर असणं आणि दरवर्षी तीच वापरणं महत्त्वाचं.

तिसरा कागद गुन्ह्यांच्या आकडेवारीचा. उर्वरित शहरापेक्षा जास्त गुन्हे हा भाग मोडकळीला आलेला ठरवण्याच्या निकषांपैकी एक आहे. सीआरए स्थापन होतानाच्या अहवालात ते आकडे असू शकतात, पण तो अहवाल वीस वर्षांपूर्वीचा असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली (प्रकरण ११९) पोलिसांकडे मागा. नाव किंवा कारण द्यावं लागत नाही. एकतर्फी साध्या पानाला १५ सेंटपर्यंत शुल्क आहे, पण शोधायला फार वेळ लागणार असेल तर जादा आकारतात. म्हणून नेमकं मागा: गेल्या तीन वर्षांचे, सीआरए हद्दीतले, तारीख, वार आणि तासासकट, स्प्रेडशीटमध्ये. फक्त नोंदवलेले गुन्हे मागू नका, पोलिसांना आलेले कॉलही मागा. रात्री गाळ्याच्या दारात होणारी दमदाटी गुन्हा म्हणून नोंदली जात नाही, पण कॉल नोंदला जातो. तासाचा रकाना असला की ‘गुरुवार ते रविवार, संध्याकाळी सहा ते रात्री दोन’ अशी मागणी करता येते. ‘पोलीस वाढवा’ ही मागणी नव्हे, तक्रार आहे.

किती माणसं मागायची

एक अधिकारी मागितला की एक अधिकारी रोज दिसेल, असं वाटतं. आठवड्याचे सातही दिवस, रोज आठ तास, म्हणजे वर्षाचे २,९२० तास. एका पूर्णवेळ अधिकाऱ्याचे कागदावरचे तास २,०८०. त्यातून रजा, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा वजा करा. एक जागा रोज भरायला दीड माणूसही पुरत नाही. त्यामुळे एकतर दोन पदं मागा किंवा दिवस कमी करा. खर्चात नुसता पगार धरू नका. पेन्शनचा हिस्सा, आरोग्य विमा, ओव्हरटाइम, बॉडी कॅमेरा, सायकल हे सगळं पोलीस खात्याकडून लेखी घ्या. स्वतःच्या अंदाजाचे आकडे टाकलेले अर्ज वित्त विभागात पहिल्या पाच मिनिटांत पडतात.

तारखा, ज्या सगळे चुकतात

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. वर्षाचं नाव ते संपतं त्या सालावरून पडतं, म्हणजे २०२७ चं वर्ष ऑक्टोबर २०२६ मध्ये सुरू होतं. लोक सप्टेंबरच्या सुनावणीला फलक घेऊन येतात. तोवर आकडे ठरलेले असतात. खाती आपल्या मागण्या वसंतात भरतात, मालमत्तांचं प्रमाणित मूल्य १ जुलैच्या सुमारास येतं, आणि सप्टेंबरमध्ये उरतो तो विधी. तुमचं पत्र जानेवारी-फेब्रुवारीत पोचायला हवं. १ जानेवारी ही तारीख कुठे वाचाल तर ती शहर-काउंटीने फंडात पैसे भरायची आहे, ३१ मार्च ही सीआरएच्या वार्षिक अहवालाची. दोन्ही तुमच्या मुदती नव्हेत. वर्षाच्या मध्ये बजेट दुरुस्ती होऊ शकते, पण शहराच्या सीआरएला बजेट आणि त्यातली प्रत्येक दुरुस्ती दहा दिवसांत काउंटीकडे पाठवावी लागते. छोट्या मागणीसाठी कुणी ती खटपट करत नाही. मियामी-डेडमध्ये तर सीआरएचं बजेट काउंटी आयोगाकडे मंजुरीलाच जातं, तिथे आणखी आधी लागा.

सभेत

बोलण्याचं कार्ड विषय पुकारण्याआधी भरा. वेळ बहुधा तीन मिनिटं. बऱ्याच शहरांत सीआरएचं मंडळ म्हणजे शहराची सभाच असते, पण अजेंडा वेगळा असतो. चुकीच्या सभेत बोललात तर ते सीआरएच्या नोंदीत येत नाही.

सदस्यांना एकेकटं भेटायला हरकत नाही. मात्र एका सदस्याचं मत दुसऱ्याला सांगू नका. फ्लोरिडाच्या सनशाइन कायद्याखाली एकाच मंडळाच्या सदस्यांनी मंडळासमोरच्या विषयावर बंद दाराआड चर्चा करणं गुन्हा ठरू शकतं, आणि निरोप्यामार्फत झालेली चर्चाही चर्चाच धरतात. ‘त्यांचा होकार आहे, तुम्हीही द्या’ हे उत्साहाने बोललेलं वाक्य आख्खा ठराव अडचणीत आणू शकतं. ईमेलही सार्वजनिक नोंद असते, संशयितांची नावं वगैरे त्यात लिहू नका.

मंजुरीनंतर

सीआरए आणि शहर कायद्याने वेगळ्या संस्था असल्याने त्यांच्यात लेखी करार होतो. इंटरलोकल करार (दोन सरकारी संस्थांमधला कायदेशीर करार) असेल तर तो सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे दाखल व्हावा लागतो. मसुदा मागून वाचा. मूळ सेवेचा आकडा परिशिष्टात आहे का? गस्तीवरचा माणूस हद्दीबाहेर फक्त आणीबाणीतच जाईल आणि गेल्याची नोंद ठेवेल, असं कलम आहे का? ते नसेल तर डिस्पॅच, म्हणजे पोलिसांचा नियंत्रण कक्ष, त्याला शहरभर फिरवणार. दर महिन्याला पायी गस्तीचे तास आणि दुकानभेटी यांचा अहवाल येतो का?

न खर्चलेला पैसा आपोआप पुढच्या वर्षी येत नाही. ३० सप्टेंबरला उरलेल्या रकमेचे कायद्यात चारच मार्ग आहेत: कर देणाऱ्या संस्थांना परत, कर्जफेड, पुढच्या कर्जफेडीसाठी राखीव, किंवा आराखड्यातल्या ठरावीक प्रकल्पासाठी तरतूद. पोलीस खात्यात पदं रिकामी राहिली आणि गस्त सहा महिने उशिरा सुरू झाली, असं बरेचदा होतं. अशा वेळी ऑगस्टमध्येच संचालकांना लिहा, म्हणजे उरलेली रक्कम गस्तीच्याच नावावर ठेवण्याचा ठराव वेळेत येईल.

आणि पाच वर्षांचा कार्यक्रम मागण्याआधी तुमच्या सीआरएचं आयुष्य किती उरलंय ते तपासा. १ ऑक्टोबर २०१९ ला अस्तित्वात असलेल्या सीआरए त्यांच्या सनदेतल्या तारखेला किंवा ३० सप्टेंबर २०३९ ला, जे आधी येईल तेव्हा, बंद होतात. ती स्थापणाऱ्या शहराच्या किंवा काउंटीच्या सभेने बहुमताने मुदत वाढवली तरच पुढे चालतात.