बँकांवरचा जादा कर : व्याजकर ते रोखे व्यवहार कर

बँका आणि वित्तसंस्थांकडून आयकराखेरीज आणखी एखादा कर घ्यावा का, या प्रश्नावर आपल्याकडे जणू पहिल्यांदाच विचार चालला आहे अशा थाटात चर्चा होते. प्रत्यक्षात असे कर भारतात अनेकदा लागले, उठले आणि पुन्हा लागले. आणि प्रत्येक वेळी ते बँकेच्या नफ्यातून किती गेले व ग्राहकाच्या खिशातून किती, हाच कळीचा मुद्दा ठरला.

सुरुवात 1974 ची. महागाईचा दर 20 टक्क्यांच्या वर गेला होता आणि अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्या वर्षीच्या व्याजकर कायद्याने अनुसूचित (म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकांच्या व्याजाच्या उत्पन्नावर 7 टक्के कर बसवला. कर नफ्यावर नव्हता, त्यामुळे तोट्यातल्या बँकेचीही त्यातून सुटका नव्हती. मोठ्या 14 बँकांचे 1969 मध्येच राष्ट्रीयीकरण झालेले असल्याने सरकार बव्हंशी स्वतःच्याच बँकांवर कर लावत होते. म्हणूनच तिजोरीत पडणाऱ्या रकमेइतकाच कर्ज महाग करून मागणी आवरण्याचा हेतूही त्यामागे होता.

हा कर 1978 मध्ये थांबला, 1980 मध्ये परतला, 1985 मध्ये पुन्हा गेला. ऑक्टोबर 1991 पासून मनमोहन सिंग यांनी तो 3 टक्के दराने, इतर वित्तसंस्थांनाही लागू करून, परत आणला. या वेळी तर जुन्या मुदत कर्जांच्या करारांतील व्याजदर कराच्या प्रमाणात वाढवण्याची मुभा कायद्यानेच बँकांना दिली. 15 टक्के व्याजाच्या कर्जावर कराचा भार 0.45 टक्के येई. परंतु बँका हा आकडा पाव टक्क्याच्या पुढच्या पटीत नेऊन कर्जदाराकडून अर्धा टक्का घेत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2004 मध्ये न्यायालयाने ही जादा वसुली बेकायदा ठरवली आणि ती रक्कम अपंगांसाठीच्या निधीकडे वळवण्याचा आदेश दिला. तोवर खुद्द कर 2000 मध्ये रद्द झालेला होता.

त्याच 2004 मध्ये अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी रोखे व्यवहार कर, म्हणजे शेअर बाजारातील खरेदी-विक्रीवरचा कर, आणला. दलाल स्ट्रीटवरून ओरड झाल्यावर मूळ प्रस्तावातले दर खाली आले, आणि शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफा करमुक्त करण्याची मोठी सवलत जोडीला मिळाली. ही सवलत 2018 मध्ये गेली, कर मात्र राहिला. 2024 मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्स या वायदा व्यवहारांवरील त्याचे दर तर वाढवण्यात आले. शेअर बाजार तो ब्रोकरमार्फत गोळा करून सरकारकडे भरतो, पण काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या पावतीवर, तो गुंतवणूकदाराच्या नावेच पडतो. 2005 चा बँक रोख व्यवहार करही याच वळणाचा होता : काळ्या पैशाचा माग काढण्यासाठी बचत खाती वगळून इतर खात्यांतून काढलेल्या मोठ्या रोख रकमांवर तो 0.1 टक्का दराने लागे. एप्रिल 2009 पासून तो बंद झाला.

सध्या प्रोसेसिंग फी, लॉकरचे भाडे अशा सेवांवर 18 टक्के जीएसटी आहे आणि तो ग्राहकाच्या खात्यातूनच वळता होतो. कर्जावरील व्याज, ज्यावर बँकेची मुख्य कमाई चालते, ते मात्र जीएसटीच्या बाहेर ठेवलेले आहे.