आधी ईसीजी, मागून पेशंट

गगनबावड्याहून कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. पण पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं, की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. अशा दिवशी कुणाच्या छातीत कळ आली, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला पोचायला किती वेळ लागेल हे कुंभी नदी ठरवते. इकडे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली असेल, तर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो.

वैद्यकातल्या डिजिटल तंत्रज्ञानाचा विषय निघाला की लोक रोबोटिक सर्जरीवर बोलतात. मला विचाराल, तर आपल्यासारख्या घाटमाथ्याच्या जिल्ह्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पेशंटच्या आधी डॉक्टरांपर्यंत पोचणारा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युतसंकेतांचा आलेख.

कल्पना मात्र जुनी आहे. हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवन यांचं ईसीजी यंत्र सुमारे २७० किलोचं होतं. ते हलवणं अशक्य, म्हणून १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या हृदयाचे विद्युतसंकेत टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणले. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं ते ईसीजीच्याच कामासाठी.

आजचं यंत्र पिशवीत मावतं. दहा वायरी, बारा आलेख. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. उरलेल्या सहा छातीवर, बरगड्यांमधली जागा बोटांनी चाचपत. लाल-पिवळी अदलाबदल झाली की पहिला आलेख उलटा येतो. पेशंट भिजून कुडकुडत असेल तर रेषाच थरथरते. पुढे कितीही हुशार सॉफ्टवेअर असो, हे काम सिस्टरच्या हाताचंच.

ईसीजीचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकणं डॉक्टरांमध्ये सर्रास चालतं आणि त्याने जीवही वाचतात. पण कागदावर एक मिलिव्होल्ट म्हणजे दहा मिलिमीटर, आणि हार्ट अटॅकचं निदान कधीकधी रेषा एक-दोन मिलिमीटर वर उचलली आहे का, एवढ्यावर अवलंबून असतं. कागद चुरगळलेला, फोटो तिरका, वर ट्यूबलाइटची चमक, मग तो मिलिमीटर शोधायचा कसा? डिजिटल यंत्र फोटो पाठवत नाही, आकडे पाठवतं. दर सेकंदाला पाचशे किंवा त्याहून जास्त वेळा मोजलेला व्होल्टेज. पलीकडे तीच रेषा जशीच्या तशी उमटते आणि एआय काही सेकंदांत पहिला अंदाज देतं.

या एआयची कुवत थक्क करणारी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने सुमारे ४५ हजार पेशंटचे ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) एकत्र करून एक प्रणाली शिकवली. २०१९ मध्ये तिने नुसत्या ईसीजीवरून हृदयाची कमजोर झालेली पंपिंग क्षमता ओळखून दाखवली. अशाच दुसऱ्या एका प्रणालीने आलेख बाईचा की पुरुषाचा, हे दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगितलं. कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला डोळ्यांनी हे जमत नाही.

तरी गंगावेश तालमीतल्या पैलवानाचा ईसीजी तिच्यापुढे ठेवला तर? वर्षानुवर्षं जोर-बैठका मारणाऱ्यांचं हृदय जाड होतं, नाडी संथ चालते आणि रेषा मुळातच थोडी वर उचललेली असू शकते. हे आजारपण नव्हे. पण प्रणालीने शिकताना अशी हृदयं पाहिलीच नसतील, तर ती नाहक बोंब मारेल. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘जुना ईसीजी आहे का?’

असतो, पण कोरा. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा, काही वर्षांत पुसट होतो. जपून ठेवायचा म्हणून कुणी लॅमिनेशन केलं, तर त्या उष्णतेने सगळा काळा पडतो! सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, अनेकांनी काढून ठेवलाय. त्याला जुने रिपोर्ट खरंच जोडलेले असतील तरच उपयोग, नाहीतर नुसता नंबर.

मनगटावरच्या घड्याळाचंही सांगायला हवं, कारण हल्ली ‘माझ्या घड्याळात नॉर्मल आलंय’ असं ऐकू येतं. घड्याळ बारापैकी एकच आलेख काढतं. ठोक्यांची अनियमितता त्यात सापडते, हार्ट अटॅक सापडेलच असं नाही. ‘तांबडा रस्सा जरा जास्त झाला, पित्त असेल’ म्हणत सोडा पिणाऱ्याला घड्याळाने आणखी एक निमित्त देऊ नये. छातीत कळ आणि घाम असेल तर १०८.

ईसीजी पुढे गेल्याने नेमकं काय बदलतं? दोन तासांत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जागेवरच द्यावं, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कोल्हापुरातल्या तज्ज्ञाने स्क्रीनवर आलेख पाहिला की ते इंजेक्शन गगनबावड्यातच देता येतं. त्याआधी मात्र पेशंटला आणि घरच्यांना विचारावंच लागतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे मोठं ऑपरेशन झालंय का, शौचातून रक्त जातंय का? यातलं एकही उत्तर ईसीजीच्या रेषेत नसतं, आणि एक ‘हो’ आला तरी सगळा निर्णय फिरू शकतो. सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर इंजेक्शन देऊन गाडी निघते, आणि साधारण तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, करायची असते. मांडुकलीचं पाणी उतरायला थोडी सवड मिळते.