क्रॉन

क्रॉन : युनिक्स व तत्सम कार्यप्रणालींमध्ये ठरलेल्या वेळी ठरलेली आज्ञा आपोआप चालवणारा डीमन, म्हणजे पडद्यामागे अखंड जागा राहणारा प्रोग्रॅम. कोणत्या वेळी काय चालवायचे याची यादी ज्या फाइलीत असते तिला क्रॉनटॅब म्हणतात. ही यादी बसवण्यासाठी व पाहण्यासाठी असलेल्या आज्ञेचेही नाव तेच. बॅकअप, लॉग फाइलींची फेरबदली, प्रमाणपत्रांचे नूतनीकरण, तात्पुरत्या फाइलींची सफाई अशी नित्याची कामे प्रशासक क्रॉनवर सोपवतात.

व्युत्पत्ती : नावाच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. ‘काळ’ या अर्थाच्या ‘ख्रोनोस’ या ग्रीक शब्दावरून ते आले, हे पहिले. दुसऱ्या मतानुसार ते आद्याक्षरी असून ‘कमांड रन ऑन नोटिस’ अशा एखाद्या शब्दसमूहाचा तो संक्षेप आहे. मात्र या मताचे पुरस्कर्ते देतात ते विस्तार एकमेकांशी जुळत नाहीत, आणि एकाच संक्षेपाचे अनेक विस्तार प्रचारात असले की ते बहुधा मागाहून बसवलेले असतात. मूळ कर्ते केन टॉम्पसन यांनी त्यांचे बेल प्रयोगशाळेतील सहकारी ब्रायन कर्निगन यांना खाजगीरीत्या ग्रीक व्युत्पत्तीच सांगितल्याचे नमूद आहे. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. एक आक्षेप उरतो तो स्पेलिंगचा. ग्रीक शब्दाच्या रोमन लेखनात ‘सी’नंतर येणारा ‘एच’ येथे नाही. पण अक्षरे गाळणे ही आरंभीच्या युनिक्सची सवयच होती. फाइल निर्माण करणाऱ्या ‘क्रिएट’ या सिस्टिम कॉलमधून शेवटचा ‘ई’ आणि ‘अनमाउंट’मधून पहिला ‘एन’ असाच गळाला आहे. क्रॉनटॅबमधील ‘टॅब’ हा ‘टेबल’चा, म्हणजे तक्त्याचा संक्षेप होय, कळफलकावरील टॅबशी त्याचा संबंध नाही.

इतिहास : क्रॉन १९७० च्या दशकाच्या मध्यास बेल प्रयोगशाळेत तयार झाला असावा. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो निश्चितपणे आहे. त्याची रचना साधी होती. साऱ्या यंत्रासाठी एकच यादी; दर मिनिटाला जागे व्हायचे, प्रत्येक ओळ चालू मिनिटाशी ताडायची, जुळेल ती आज्ञा चालवायची आणि पुन्हा झोपायचे. पर्ड्यू विद्यापीठात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका व्हॅक्स संगणकावरील सुमारे १०० वापरकर्त्यांना स्वतंत्र याद्या देऊन पाहिल्या, तेव्हा या ताडण्याचाच भार यंत्राला पेलेना. रॉबर्ट ब्राउन यांनी त्यावर फ्रांटा आणि मॅली यांची घटना-यादीची पद्धत वापरली. ती मुळात संगणकीय अनुकरणासाठी (सिम्युलेशन) मांडलेली होती. प्रत्येक कामाची पुढची वेळ आधीच काढायची, कामे त्या क्रमाने लावायची आणि पहिल्या कामाच्या क्षणापर्यंत निश्चिंत झोपायचे, असे तिचे सार. कीथ विल्यमसन यांच्यामार्फत हे काम बेल प्रयोगशाळेत पोचले आणि बहुवापरकर्ता क्रॉन युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या आवृत्तीतून सर्वत्र गेला. याद्या वापरकर्त्यांच्या घर-डिरेक्टरीतून काढून एका सामाईक स्पूल डिरेक्टरीत ठेवण्याची प्रथा तेव्हापासूनची. तेथे सामान्य वापरकर्त्याला थेट लिहिता येत नाही, म्हणून क्रॉनटॅब ही आज्ञा लागली.

आज मुक्तस्रोत प्रणालींवर दिसणारे बहुतेक क्रॉन पॉल व्हिक्सी यांच्या १९८७ मधील लेखनापासून उतरले आहेत. त्याची तिसरी आवृत्ती १९९३ च्या अखेरची. डेबियन या लिनक्स वितरणाचा क्रॉन दीर्घकाळ याच आवृत्तीवर ठिगळे लावत आला आहे. पुढे २००४ मध्ये आयएससी (इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम) क्रॉन ४.१ आला व त्याची रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००७ मध्ये काढलेली शाखा म्हणजे क्रोनी. गंमत अशी की व्हिक्सी यांनी घटना-यादी घेतली नाही. त्यांचा क्रॉन पुन्हा दर मिनिटाला उठून सगळ्या ओळी पाहतो. वेगवान यंत्रांवर तो खर्च नगण्य ठरतो, हे त्यामागचे कारण असावे.

वेळेचे रकाने : प्रत्येक ओळीत पाच रकाने व त्यापुढे आज्ञा असते. रकान्यांचा क्रम मिनिट (०–५९), तास (०–२३), तारीख (१–३१), महिना (१–१२) आणि वार (०–७, ० व ७ दोन्ही रविवार). तारकाचिन्ह म्हणजे ‘प्रत्येक’. ‘३० २ * * १’ ही ओळ दर सोमवारी पहाटे अडीचला चालते. (उदाहरणांत देवनागरी अंक वापरले आहेत, प्रत्यक्ष फाइलीत इंग्रजी अंकच लागतात.) स्वल्पविरामाने यादी, आडव्या रेघेने पल्ला दाखवतात. तिरकी रेघ टप्पा दाखवते, पण तो पोझिक्स या युनिक्स-सदृश प्रणालींच्या मानकात नाही, व्हिक्सी परंपरेतला आहे. टप्पा रकान्याच्या आरंभापासून मोजला जातो व प्रत्येक तासाला नव्याने सुरू होतो. त्यामुळे मिनिटांच्या रकान्यातील ‘*/७’ म्हणजे खरोखर दर सात मिनिटे नव्हे: ० पासून ५६ पर्यंत सातच्या अंतराने आणि नंतर चारच मिनिटांत पुन्हा ०.

तारीख व वार यांचा परस्परसंबंध हा क्रॉनमधील सर्वांत फसवा नियम. इतर सर्व रकाने एकाच वेळी जुळावे लागतात. पण तारीख आणि वार दोन्ही मर्यादित केले तर त्यांपैकी एक जुळले तरी काम चालते. ‘० ६ १-७ * १’ याचा अर्थ ‘महिन्याचा पहिला सोमवार’ असा घेतला जातो. प्रत्यक्षात हे काम महिन्याचे पहिले सातही दिवस आणि शिवाय दर सोमवारी चालते. ‘० ० ३१ २ *’ कधीच चालत नाही, मात्र शेवटच्या ताऱ्याजागी १ लिहिला की फेब्रुवारीतील प्रत्येक सोमवारी चालते. व्हिक्सी क्रॉन ‘मर्यादित’ हे रकान्याच्या पहिल्या अक्षरावरून ठरवतो. ताऱ्याने सुरू होणारा रकाना अमर्यादित गणला जातो, मग त्यापुढे टप्पा असला तरी. म्हणून तारखेच्या जागी ‘*/२’ व वाराच्या जागी १ लिहिल्यास नियम उलटतो आणि विषम तारखेचा सोमवारच निवडला जातो. या बारकाव्यावर विसंबण्यापेक्षा रकान्यात फक्त तारखा १-७ द्याव्यात व आज वार कोणता याची चाचणी आज्ञेतच करावी.

ती चाचणी लिहिताना दुसरा खड्डा येतो. क्रॉनटॅबच्या आज्ञेत टक्केचिन्ह म्हणजे ओळ संपली. पहिल्या टक्क्यानंतरचा मजकूर आज्ञेला इनपुट म्हणून दिला जातो. डेट आज्ञेचे सारे नमुने टक्केचिन्हावर चालतात. त्यामुळे तारखेच्या नावाने बॅकअप काढणारी, हाताने नीट चालणारी ओळ क्रॉनमध्ये अर्ध्यावर तुटते. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, नाहीतर आज्ञा स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या वेगळ्या फाइलीत, हलवून क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पथ तेवढा लिहावा. दुसरा मार्ग बरा.

परिवेश : ‘हाताने चालते, क्रॉनमध्ये चालत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा परिवेशात, म्हणजे आज्ञेला चालताना मिळणाऱ्या चलांत व मांडणीत (एन्व्हायरनमेंट) असते. शेल म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम. क्रॉन लॉगिनच्या वेळचा शेल उघडत नाही, त्यामुळे वापरकर्त्याच्या प्रोफाइल फाइली वाचल्या जात नाहीत. शेल साधा ‘एसएच’ असतो, बॅश नव्हे, आणि डेबियनवर वापरकर्त्याच्या कामाला मिळणाऱ्या पाथ या चलात (आज्ञा कोठे शोधायच्या याची यादी) मूळ व यूएसआर अशा दोनच बिन डिरेक्टऱ्या असतात. चले क्रॉनटॅबच्या माथ्यावर लिहिता येतात, पण तेथे उजव्या बाजूचा विस्तार होत नाही. जुन्या पाथमध्ये भर घालण्याची शेलमधली रीत लिहिली तर डॉलरचिन्हासह ती अक्षरे जशीच्या तशी उचलली जातात. खात्री करायची तर एन्व्ह आज्ञेच्या ‘आय’ पर्यायाने रिकाम्या परिवेशात तीच स्क्रिप्ट चालवून पाहावी.

आउटपुट व निदान : कामाने छापलेले सारे क्रॉन मालकाला मेलने पाठवतो, ‘मेलटू’ या चलाने पत्ता बदलतो, ते रिकामे ठेवले की मेल बंद. यंत्रावर मेल पोचवणारी सेवाच नसेल तर डेबियनचा क्रॉन आउटपुट टाकून दिल्याची एक ओळ लॉगमध्ये लिहितो, इतकेच. म्हणून आउटपुट फाइलीत वळवतात. त्यात क्रम महत्त्वाचा: आधी मुख्य आउटपुट फाइलीकडे, मग त्रुटींनाही त्याच वाटेने वळवणारे ‘२>&१’. उलट लिहिल्यास त्रुटी फाइलीत जात नाहीत. लॉगमधील नोंद आज्ञा सुरू झाल्याचे सांगते, यशस्वी झाल्याचे नाही.

काम दोन फेऱ्यांमधील अंतरापेक्षा लांबले तर क्रॉन थांबत नाही, दुसरी प्रत सुरू करतो. संथ डिस्कवरील बॅकअप अशाने एकावर एक साचतात. एका वेळी एकच प्रत चालावी म्हणून कुलूप लावणारी फ्लॉक आज्ञा ‘एन’ पर्यायासह वापरली की कुलूप आधीच लागलेले असल्यास नवी प्रत लगेच परत फिरते.

शेवटच्या ओळीअखेर एन्टर नसणे आणि विंडोजवर लिहिलेल्या फाइलीतील ओळीअखेरची अदृश्य अक्षरे हे आणखी दोन नेहमीचे दोष. क्रॉनटॅबचा ‘ई’ पर्याय यादी संपादनासाठी उघडतो, ‘आर’ ती न विचारता पुसतो आणि कळफलकावर ही दोन अक्षरे शेजारी आहेत. ‘एल’ने छापलेली प्रत अन्यत्र ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय, ‘आय’ जोडल्यास पुसण्याआधी विचारणा होते.

प्रणालीच्या याद्या : इटीसी डिरेक्टरीतील क्रॉनटॅब व क्रॉन.डी यांतील ओळींत वेळेनंतर वापरकर्त्याचे नाव हा सहावा रकाना असतो. तो विसरल्यास आज्ञेचा पहिला शब्दच वापरकर्ता समजला जातो. रोज, आठवड्याला व महिन्याला चालायच्या स्क्रिप्टांसाठी वेगळ्या डिरेक्टऱ्या आहेत; डेबियनवर रोजची वेळ सकाळी ६:२५. तेथे या स्क्रिप्टा ओळीने चालवणारी रन-पार्ट्स ही आज्ञा नावात टिंब असलेली फाइल गुपचूप वगळते. म्हणून ‘.एसएच’ शेपटीची स्क्रिप्ट तेथे ठेवून ती चालण्याची वाट पाहत बसणारे पुष्कळ. ‘टेस्ट’ पर्यायाने कोणत्या फाइली चालतील ते आधी पाहता येते. कोणाला क्रॉन वापरू द्यायचा हे क्रॉन.अलाउ व क्रॉन.डिनाय या फाइली ठरवतात. दोन्ही नसल्यास डेबियन सर्वांना परवानगी देतो, क्रोनी फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासकाला.

घड्याळातील बदल : उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशांत एक तास गळतो व एक दोनदा येतो. व्हिक्सी परंपरेतील सुधारित क्रॉन ३ तासांहून कमी बदल ओळखतात: गळालेल्या वेळेतील नेमक्या वेळेची कामे लगेच नंतर चालवतात, पुन्हा आलेल्या वेळेतील कामे दुसऱ्यांदा चालवत नाहीत. तास वा मिनिटात तारा असलेल्या कामांना हे लागू नाही. टाइमझोन बदलल्यावर डीमन पुन्हा सुरू करावा.

ॲनाक्रॉन व टायमर : यंत्र बंद असताना हुकलेले काम क्रॉन भरून काढत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन आहे. तो ख्रिस्तियन श्वार्त्स यांनी पर्लमध्ये रचला व इताय त्सूर यांनी सीमध्ये पुन्हा लिहिला. त्याचे सर्वांत लहान माप एक दिवस, तास-मिनिटे नाहीत. बहुतेक लिनक्स प्रणालींवर सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या टायमरांत वेळेची व कामाची अशा दोन फाइली लागतात. ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय हुकलेले काम यंत्र सुरू झाल्यावर चालवतो आणि मागची प्रत चालू असताना दुसरी सुरू होत नाही. नेमकेपणाचे मूळ मूल्य मात्र एक मिनिट असल्याने काम तेवढे उशिरा होऊ शकते, आणि आउटपुट मेलने न जाता सिस्टिमडीच्या जर्नल या लॉगमध्ये जाते. अपयशाची सूचना हवी असल्यास ‘ऑनफेल्युअर’ हा पर्याय वेगळा लिहावा लागतो.