काळ्या दारूची नळी धुवावी ती पाण्यानेच

पूर्व विदर्भात धानाच्या बांधावर आणि पश्चिमेकडे तूर-सोयाबीनच्या जागलीला ठासणीची, म्हणजे तोंडाकडून काळी दारू ठासून भरायची बंदूक अजूनही निघते. कुणी तिला भरमार म्हणतं. 1959च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूदच आहे. बार बहुतेकदा नुसता आवाजाचा. रानडुकरांचा कळप हुसकला की काम झालं. मग बंदूक घरी येते, नळीतून रॉकेलचा बोळा फिरतो, वरून तेलाचा हात बसतो आणि ती खुंटीला लागते. दोन पावसाळ्यांत नळी आतून खरबरीत होते आणि लोक तेलाला बोल लावतात. खरं तर तेलाच्या आधी तिथे पाणी जायला हवं होतं.

काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतो. ती जळते तेव्हा सगळीच वायू होत नाही. नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी 1875 साली बंद पात्रात दारू जाळून मोजमाप केलं, तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन अवशेष म्हणून उरला. मार्टिनी-हेन्री या 1871 साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या रायफलच्या काडतुसात 85 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम दारू असे. त्यातून जवळपास तीन ग्रॅम घन पदार्थ तयार होणार. काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला काजळी होऊन नळीला चिकटतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट आणि थोडं सल्फाइड. रॉकेल, डिझेल, मशीनचं तेल यांत हे क्षार विरघळत नाहीत. तेल त्यांच्यावर पसरतं आणि खालचा ओलावा तसाच दाबून ठेवतं. पाण्यात मात्र ते झटकन जातात. 20 अंशाला 100 मिलिलिटर पाण्यात शंभर ग्रॅमहून जास्त पोटॅशियम कार्बोनेट विरघळतं.

आपल्याकडचं हवामान इथे फार आडवं येतं. पोटॅशियम कार्बोनेट हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 43 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता त्याच्या बरीच खाली असते, म्हणून काजळी कोरडी, टणक राहते. पावसाळ्यात तीच काजळी रात्रभरात काळं पाणी सोडते. त्यातच बार पेटवणाऱ्या छोट्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असेल तर उडाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मिठाचंच भावंड. ते 84 टक्क्यांच्या आसपास ओलावतं, आणि श्रावणातल्या सकाळी तेवढी आर्द्रता असतेच. क्लोराइडने धरलेला गंज पोलादात खड्डे पाडत खोल जातो. त्यामुळे उन्हाळ्यात आठवडाभर न धुता निभावलेली बंदूक ऑगस्टमध्ये एका रात्रीत बिघडते, यात नवल नाही.

उन्हाळ्यातली टणक काजळी वेगळाच त्रास देते. रायफलच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्या भरल्या की मऊ शिशाची गोळी पीळ नीट धरत नाही, नळीत शिसं घासून बसतं आणि नेम ढळतो. चरबी आणि मेणाचं वंगण वापरायचे ते काजळी मऊ राहावी म्हणूनच. मार्टिनीच्या काडतुसात गोळीमागे मेणाची चकती असे. 1857 साली एनफील्डच्या काडतुसांवरून जे रण पेटलं, त्यातली चरबीही याच कामाची. जुन्या रायफलींचे नेमबाज दोन बारांच्या मध्ये नळीचं बूड उघडून, नळी रिकामी आहे हे पाहून, मागच्या बाजूने बारीक नळकांड्यातून दोन-चार फुंकर मारतात. श्वासातल्या वाफेनेही काजळी नरम पडते.

धुण्याआधी एक तपासणी चुकवू नये. टोपी काढून टाका, गज नळीत अलगद सोडा, तोंडाशी नखाने खूण धरा आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. टोपीच्या भोकाच्या चार-पाच बोटं अलीकडेच गज थांबत असेल तर आत बार आहे. काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही. आजोबांच्या काळातला बारही उडू शकतो. अशी बंदूक परवानाधारक कारागिराकडेच न्यावी, तेही पोलिसांना कळवून.

रिकामी नळी लाकडापासून सुटत असेल तर सोडवून, बुडाकडची बाजू बादलीत कोमट पाण्यात ठेवावी. गजाला सुती चिंधी गुंडाळून पंपासारखी वरखाली केली की पाणी भोकातून आत-बाहेर होतं. सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, तो सल्फाइडचा. उकळतं पाणी लागत नाही. त्याने तापलेल्या नळीवर क्षणात लालसर पापुद्रा येतो. वंगणाचा ओशटपणा असेल तर थेंबभर भांड्यांचा साबण घालावा. पाणी दोन-तीनदा बदलून चिंधी पांढरी निघेपर्यंत खंगाळायचं, मग कोरड्या चिंध्या, मग उन्हात दहा मिनिटं. तेल त्यानंतर, आणि पातळच. नळी सुटत नसेल तर ती उतरती धरून ओल्या चिंध्यांनी पुसावी, नाहीतर पाणी लाकडात मुरतं आणि गंज आतून धरतो.

मार्टिनीसारख्या रायफलीची पितळी काडतुसं पुन्हा वापरायची असतील तर तीही त्याच संध्याकाळी साबणाच्या पाण्यात टाकावी. सल्फाइडने पितळ काळवंडतं, भेगा लवकर येतात. आणि काही झालं तरी काळ्या दारूच्या बंदुकीत धूर न करणारी आधुनिक दारू घालू नये, अगदी चिमूटभरही नाही. तिचा दाब त्या नळीसाठी नाही. बुडाचा स्क्रू थेट गालावर येतो.

दुसऱ्या दिवशी कोरडी चिंधी एकदा फिरवून पाहावी. ती तांबूस निघाली तर क्षार राहिले आहेत, धुणं पुन्हा. पावसाळाभर बंदूक कातडी खोळीत ठेवू नये आणि नळीच्या तोंडाला बोळा कोंबू नये, दोन्हींत दमट हवा कोंडते. कुलुपाच्या कपाटात तोंड खाली करून उभी ठेवली की जास्तीचं तेल निथळतं, लाकडात उतरत नाही.