भेग कुणाच्या दिशेने धावली?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा फॉरवर्ड आला: 'आज पौर्णिमा, ग्रहांची युती, रात्री भूकंप. उंच मजल्यावरच्यांनी खाली यावं.' ग्रहांचं सोडा, त्यांना आपल्या विंगचा नंबर ठाऊक नसतो. पण 'जितकं उंच तितका धोका' हे तपासून बघण्यासारखं आहे.

प्रत्येक इमारतीची झुलण्याची एक लय असते. ढोबळ हिशेब असा: मजल्यांना दहाने भागा, तितके सेकंद एका झोक्याला. तीन मजली चाळ ०.३ सेकंद, वीस मजली टॉवर २ सेकंद. जमिनीची लय जिच्याशी जुळेल ती जास्त हलेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयना धरणातल्या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्के इतका जोर नोंदवला, तोही जलद हिसक्यांचा. लाटेच्या दर झोक्यात थोडी ऊर्जा खडकात जिरते. जलद लाटेचे झोके जास्त, म्हणून ती वाटेतच दमते. २०० किलोमीटरवरच्या मुंबईत संथ लाटाच जास्त टिकतात. म्हणजे जवळचा भूकंप चाळीला छळतो, लांबचा टॉवरला.

पाठ्यपुस्तक इथे थांबतं. प्रस्तरभंगाच्या, म्हणजे भूकंपात खडक जिथे सरकतो त्या भेगेच्या, अगदी शेजारी मात्र वेगळीच गंमत घडते.

भेग एकदम उघडत नाही, कापड फाटावं तशी एका टोकाकडून धावत जाते. समजा लांबी २० किलोमीटर, भेगेचा वेग सेकंदाला २.८ आणि आडव्या कंपलाटांचा ३.५ किलोमीटर. शेवटच्या टोकाला उभं राहा. सुरुवातीच्या टोकाहून निघालेली पहिली आडवी लाट ५.७ सेकंदांनी येते. पण ७.१ सेकंदांनी भेगच पायाशी पोचते. सगळी ऊर्जा १.४ सेकंदांत! सुरुवातीच्या टोकाला तीच ऊर्जा सुमारे १३ सेकंद रेंगाळत येते. हा गठ्ठा संथ लाटांचाच बांधला जातो. जलद थरथर खडकांत विखुरते, सुरात राहत नाही. उभ्या भेगेची जमीन आडवी सरकली, तर हा ठोसा भेगेला काटकोनात बसतो.

२८ जून १९९२ च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपात हे नोंदींवर उतरलं. भेग उत्तरेकडे धावली. त्या वाटेवरच्या लुसर्न नोंदणी केंद्रात छोटा, जबरदस्त ठोसा. मागे राहिलेल्या जोशुआ ट्री केंद्रात लांबलचक, पण सौम्य थरथर. दोन्ही केंद्रं प्रस्तरभंगाजवळचीच. लुसर्नचा संथ ठोसा टॉवरच्या मापाचा होता, चाळीच्या नव्हे.